रिपेअरनंतर जुनी गाडी मिसिंग का मारते? नाशिककर गाडीमालकांचे वारंवार येणारे प्रश्न

एमएच-१५ पाटीच्या जुन्या मारुती ८००, ओम्नी, झेन, एस्टीम, सँट्रो, इंडिका आजही नाशिकच्या रस्त्यांवर रोज दिसतात. त्यांच्या मालकांकडून येणारी एक तक्रार कधी थांबत नाही: काम करून आणलं आणि त्यानंतरच इंजिन बिघडल्यासारखं चालायला लागलं. कार्बोरेटरच्या आणि सुरुवातीच्या एमपीएफआय (म्हणजे इंजेक्टरने पेट्रोल देणाऱ्या) गाड्या डोळ्यांपुढे ठेवून ही उत्तरं लिहिली आहेत. जुन्या डिझेलसाठी थेट प्रश्न १६ पाहा.

१. कोणी मिसिंग म्हणतं, कोणी थरथर, कोणी झटके. हे सगळं एकच का?

नाही, आणि हा फरक कळला की अर्धं निदान तिथेच होतं. मिसिंग म्हणजे एखाद्या सिलिंडरमधलं मिश्रण पेटलंच नाही किंवा अर्धवट पेटलं. गाडी स्लोला (रेस न देता, इंजिन नुसतं चालू) ठेवून सायलेन्सरच्या तोंडापासून वीतभर अंतरावर कागदाचा कपटा धरा. तो ठरावीक तालात सारखा चुकत असेल, तर एकच सिलिंडर आजारी आहे. कधीही, कसाही चुकत असेल, तर दोष सगळ्या सिलिंडरांना सामाईक असलेल्या ठिकाणी आहे: हवा, पेट्रोल किंवा मुख्य कॉइल.

दुसरी खूण म्हणजे त्रास नेमका कधी होतो ती वेळ. फक्त स्लोला थरथर आणि रेस दिली की साफ, असं असेल तर बाहेरची हवा आत येते आहे, स्लो सर्किट (कार्बोरेटरमधली स्लोच्या पेट्रोलची वाट) तुंबलं आहे किंवा टॅपेट (वॉल्व्ह उघडणारा भाग) घट्ट आहे. स्लोला ठीक पण चढावर झटके, असं असेल तर स्पार्क किंवा पेट्रोलचा पुरवठा कमी पडतोय. लोड आला की सिलिंडरमधला दाब वाढतो, त्या दाबातून ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं, आणि कमकुवत वायर किंवा कॉइल नेमकी तिथे हार मानते. सगळीकडे सारखाच त्रास असेल तर एक सिलिंडर जवळपास बंद समजा.

तीन सिलिंडरचं इंजिन स्लोला थोडं डुलतंच, तो त्याच्या रचनेचा भाग आहे. दुसरी चांगली चालणारी ८०० किंवा अल्टो शेजारी उभी करून तुलना करा, मगच काळजी करा.

२. काल गॅरेजमधून गाडी आणली. आधी छान चालायची, आता स्लोला थरथरते. सुरुवात कुठून करू?

बिलापासून. ज्या कामानंतर दोष आला, त्या कामात मेकॅनिकचा हात जिथे जिथे गेला, तिथेच आधी पाहायचं. एखादा नवाच पार्ट त्याच दिवशी योगायोगाने बिघडणं क्वचित घडतं. सुटलेला पाइप, अर्धवट बसलेलं कनेक्टर, न लावलेली अर्थिंगची पट्टी हे मात्र रोज घडतं. या पानावरची एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. कारण याच्या उलट वागून, म्हणजे आधी कॉइल, मग पंप, मग सेन्सर असे पार्ट बदलत जाऊन लोकांचे हजारो रुपये जातात आणि मूळ दोष एक क्लिप नीट न बसल्याचा निघतो.

बिल हातात धरून असं पाहा. प्लग बदलले असतील तर प्रत्येक प्लगची कॅप दाबून बसवा, बसल्याचं हाताला जाणवलं पाहिजे. प्लग वाकडा घट्ट केला गेला तर त्याच्या पांढऱ्या चिनीमातीला केसासारखी चीर जाते आणि ठिणगी आत न पडता बाहेरूनच पळते. एअर फिल्टर काढला असेल तर त्याच्या डब्याला खालून लागणारे बारीक रबरी पाइप मोजा. तिथला एखादा पाइप लोंबकळत राहणं हे मी सगळ्यात जास्त वेळा पाहिलेलं कारण आहे. क्लच किंवा गिअरबॉक्सचं काम झालं असेल तर गिअरबॉक्सपासून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी आणि जवळपासच्या सेन्सरची कनेक्टरं पाहा. एसी किंवा डेंटिंगच्या कामात वायरिंग बाजूला ओढलेलं असतं, ते कुठे चिमटलं आहे का ते बघा.

अर्थिंगचा संशय असेल तर अंदाज नको, मोजा. मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीला, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला लावा आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. वाचन ०.३ व्होल्टच्या वर गेलं तर अर्थिंग कच्चं आहे.

पुढच्या वेळी गाडी कामाला देण्यापूर्वी बॉनेट उघडून चार बाजूंनी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. कोणता पाइप कुठे होता, यावरचा वाद त्या फोटोंनी मिटतो.

३. कोणता सिलिंडर बंद आहे हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

एकेक सिलिंडर बंद करून. इंजिन स्लोला चालू ठेवा आणि एका वेळी एकच सिलिंडर तोडा. चांगला सिलिंडर तोडला की इंजिन लगेच आणखी ढेपाळतं. ज्याला तोडल्यावर काहीच फरक पडत नाही, तोच दोषी.

एमपीएफआय गाडीत इंजेक्टरचं कनेक्टर काढणं हा सुरक्षित मार्ग. कार्बोरेटरच्या गाडीत प्लगची वायर काढावी लागते आणि तिथे सावध राहा. इंजिन बंद करून वायर काढायची, तिच्या टोकात जुना प्लग घालून त्याची चूडी इंजिनच्या धातूला पक्की टेकवायची आणि मग इंजिन सुरू करायचं. वायर नुसती अधांतरी ठेवली तर ठिणगीला वाट मिळत नाही, त्यात कॉइल जळते आणि हाताला जबर झटकाही बसतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेवरचा, धूर शुद्ध करणारा डबा) असलेल्या गाडीत ही चाचणी काही सेकंदांत आटपा, नाहीतर न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं. पंख्यापासून आणि बेल्टपासून बाह्या दूर ठेवा, आणि बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नका.

दोषी सिलिंडर सापडला की त्याचा प्लग काढून बघा. ओला आणि पेट्रोलचा वास येणारा असेल तर ठिणगी नाही. कोरडा काळा, काजळीसारखा असेल तर पेट्रोल जास्त. तेलकट असेल तर रिंग किंवा वॉल्व्ह सील. पांढराफटक असेल तर मिश्रण पातळ, म्हणजे हवा जास्त. फिकट तपकिरी असेल तर प्लग आणि मिश्रण ठीक आहे, कॉम्प्रेशनकडे वळा (प्रश्न ८). यानंतर तो प्लग शेजारच्या सिलिंडरमध्ये घाला. दोष त्याच्याबरोबर सरकला तर प्लग दोषी, नाही सरकला तर वायर अदलून हेच करा. या अदलाबदलीला एक पैसाही लागत नाही.

४. प्लगच्या वायरी उलटसुलट लागल्या असतील का? गाडी सुरू तर होते.

लागू शकतात, आणि दोनच वायरी अदलल्या गेल्या तर चार सिलिंडरची गाडी उरलेल्या दोनांवर रडतखडत सुरूही होते. एअर फिल्टरमधून किंवा सायलेन्सरमधून फटाका फुटल्यासारखा आवाज आला तर हाच संशय आधी घ्या.

बहुतेक चार सिलिंडरच्या गाड्यांचा फायरिंग क्रम १-३-४-२ असतो, मारुती ८००च्या तीन सिलिंडरचा १-३-२. पण नुसता क्रम माहीत असून भागत नाही. डिस्ट्रिब्युटरचा रोटर कोणत्या दिशेने फिरतो ते कॅप काढून, सेल्फ मारून बघा. पहिला सिलिंडर कोणत्या बाजूने मोजायचा हे त्या मॉडेलच्या पुस्तिकेतून पक्कं करा, मग त्या दिशेने वायरी लावत जा. डिस्ट्रिब्युटर पूर्ण बाहेर काढलेला असेल तर तो अर्धा फेरा चुकून बसण्याची शक्यता असते, आणि मग गाडी सुरूच होत नाही.

वायर खराब आहे का हे पाहण्याची सोपी वेळ म्हणजे रात्र. अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवा आणि वायरींवर पाण्याचा बारीक फवारा मारा. निळसर ठिणग्या सरपटताना दिसल्या तर वायरी बदलायच्या. मल्टीमीटरवर एका वायरीला काही हजार ओहम दाखवणं स्वाभाविक आहे, काहीच वाचन न येणं म्हणजे ती आतून तुटलेली आहे.

५. मेकॅनिक म्हणतो, “इंजिन हवा घेतंय.” म्हणजे काय, आणि ते तपासायचं कसं?

इंजिनने हवा फक्त थ्रॉटलमधून ओढायची असते. मॅनिफोल्डची गॅसकेट, कार्बोरेटरखालची गॅसकेट, इंजेक्टरची रबरी रिंग, ब्रेक बूस्टरचा पाइप यांपैकी कुठेही फट राहिली तर हिशोबाबाहेरची हवा आत शिरते आणि मिश्रण पातळ होतं. स्लोला हवा मुळातच कमी लागते, त्यामुळे तिथे ही फट जाणवते. रेस दिली की एकूण हवेच्या मानाने ती नगण्य ठरते आणि गाडी साफ चालते.

तपासायला स्लोला इंजिन ठेवून एकेका जोडावर साध्या पाण्याचा बारीक फवारा मारा. जिथे फवारा पडल्यावर स्लोचा आवाज बदलतो, तिथे फट. पाणी प्लग आणि डिस्ट्रिब्युटरवर उडू देऊ नका. अनेक जण कार्ब क्लीनर मारतात, पण गरम एक्झॉस्टशेजारी ते पेट घेऊ शकतं, म्हणून मी ते सुचवत नाही. रबरी पाइप एकेक करून पक्कडीने हलके दाबत जाणं हीसुद्धा चांगली चाचणी आहे. ब्रेक बूस्टरचा पाइप दाबल्यावर थरथर थांबली तर दोष बूस्टरमध्ये आहे, आणि तो ब्रेकचा प्रश्न असल्याने त्याच दिवशी काम करून घ्या.

व्हॅक्युम गेज असेल तर उत्तम, पण आकडा वाचताना नाशिकची उंची विसरू नका. पुस्तकात निरोगी इंजिनाला स्लोला १७ ते २१ इंच लिहिलेले असतात, ते समुद्रसपाटीचे. दर हजार फुटांना साधारण एक इंच कमी होतो. आपण सुमारे ६०० मीटरवर, म्हणजे दोन हजार फुटांच्या आसपास आहोत. त्यामुळे इथे १५ ते १९ हे चांगलं वाचन. मुंबईचा आकडा धरून नाशिकचं चांगलं इंजिन खोलू नका. आकड्यापेक्षा काट्याची चाल जास्त बोलते. स्थिर पण कमी असेल तर फट किंवा टायमिंग, ठरावीक तालात खाली पडत असेल तर एखादा वॉल्व्ह.

६. कार्बोरेटर साफ करून घेतला, तेव्हापासून स्लो टिकतच नाही. चोक ओढला की चालते.

चोक ओढल्यावर सुधारते याचा अर्थ इंजिनला पेट्रोल कमी पडतंय किंवा हवा जास्त मिळतेय. आधी हवेची फट पाहा (प्रश्न ५), विशेषतः कार्बोरेटरखालची जाड इन्सुलेटर आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या गॅसकेट. एकच गॅसकेट बदलून दुसरी जुनीच ठेवलेली असते. ते ठीक असेल तर स्लो जेट. ते इतकं बारीक असतं की टाकीतल्या गंजाचा एक कणही ते बंद करतो. जेट तारेने किंवा सुईने खोदू नका. भोक मोठं झालं की त्याचं माप कायमचं गेलं. कॉम्प्रेसरच्या हवेने उडवा.

काही कार्बोरेटरवर स्लो सर्किटसाठी विजेवर चालणारा छोटा सोलेनॉइड असतो. चावी चालू केल्यावर त्याचा टिक आवाज आला पाहिजे. त्याची वायर लावायची राहिली तर स्लो कधीच टिकणार नाही, बाकी सेटिंग कितीही करा.

मिक्श्चर स्क्रू फिरवण्याआधी तो किती फेरे उघडा आहे हे लिहून ठेवा. हवेची फट, टॅपेट, इग्निशन टायमिंग या सगळ्यानंतर शेवटी त्याला हात लावायचा. दुसरीकडचा दोष या स्क्रूने झाकला की पुढचं निदान अवघड होऊन बसतं.

७. टायमिंग बेल्ट बदलल्यावर पिकअप गेला आणि स्लोला किंचित थरथर. एक दात चुकला असेल का?

असू शकतो. एक दात चुकला तरी गाडी सुरू होते, पण ओढत नाही आणि पेट्रोल जास्त खाते. याची खूण म्हणजे सगळ्या सिलिंडरांचं कॉम्प्रेशन सारखंच, पण कमी, आणि व्हॅक्युमचा काटा स्थिर, पण खाली. एकच सिलिंडर मिसिंग मारत असेल तर दोष बेल्टचा नाही.

बेल्टचं कव्हर काढून क्रँकची आणि कॅमची खूण जुळवून पाहायची. बेल्ट बसवल्यावर पान्याने क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवून खुणा पुन्हा बघायलाच हव्यात, कारण टेन्शनर ताण घेताना बेल्ट एक दात सरकू शकतो. क्रँकच्या दोन फेऱ्यांना कॅमचा एक फेरा होतो, म्हणून एका फेऱ्यावर खूण जुळली नाही तर घाबरू नका. मात्र हाताने फिरवताना कुठे धातूला धातू अडल्यासारखं वाटलं तर जोर लावू नका. काही इंजिनांत टायमिंग चुकलं की वॉल्व्ह पिस्टनवर आदळतात.

डिस्ट्रिब्युटरच्या गाडीत बेल्टच्या कामानंतर इग्निशन टायमिंग टायमिंग लाइट लावून पुन्हा पाहावं लागतं. नुसतं कानाने जुळवलेलं टायमिंग चढावर फसवतं.

८. हेड खोललं, फेसिंग मारलं (पृष्ठभाग घासून सपाट केला), गॅसकेट नवी टाकली. तरी एक सिलिंडर मिसिंग. पुन्हा हेड खोलायला लावतील का?

त्याआधी कॉम्प्रेशन मोजायला सांगा. इंजिन गरम, सगळे प्लग काढलेले, इग्निशन आणि पेट्रोल बंद, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी चांगली. अॅक्सिलरेटर न दाबता घेतलेलं वाचन खोटं कमी येतं, आणि तेवढ्यावरून इंजिनकाम सांगितलं जातं. पेट्रोल इंजिनाला साधारण १५० ते १८० पीएसआय चांगलं मानतात. उंचीमुळे नाशिकला ते सहा-सात टक्क्यांनी कमी येणं स्वाभाविक आहे. एकूण आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक बघा. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी यांच्यात १५ टक्क्यांहून जास्त अंतर नको.

कमी भरलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वर आला तर रिंग, तसाच राहिला तर वॉल्व्ह किंवा गॅसकेट. शेजारशेजारचे दोन सिलिंडर कमी असतील तर त्यांच्यामधली गॅसकेट फुटली आहे. रेडिएटरमध्ये बुडबुडे येणं, कूलंट कमी होत जाणं, ऑइल दुधाळ होणं याही गॅसकेटच्याच खुणा.

वॉल्व्ह लॅपिंग करून (वॉल्व्ह सीटवर घासून नीट बसवून) हेड बसवलं असेल तर पुन्हा खोलण्याआधी टॅपेट तपासा (प्रश्न ९). घासलेला वॉल्व्ह सीटमध्ये थोडा वर बसतो, त्याने टॅपेटचं अंतर कमी होतं, आणि जुन्याच सेटिंगवर तो वॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. माझा भर इथे फार आहे, कारण हे दुरुस्त करायला फीलर गेज आणि तासाभराचं काम पुरतं. हेड खरंच खोलावं लागलं तर सातपूर-अंबडच्या लेथवर फेसिंग मारल्यावर पट्टी ठेवून सपाटी स्वतः बघा, आणि बोल्ट कंपनीच्या क्रमाने, टॉर्क पान्यानेच कसले जातील याची खात्री करा.

९. टॅपेटचा आवाज बंद करून घेतला. इंजिन शांत झालं पण स्लोला अडखळतं.

आवाज घालवायला टॅपेट गरजेपेक्षा घट्ट केले गेले आहेत. टिकटिक करणारा सैल टॅपेट त्रास देतो, पण घट्ट टॅपेट वॉल्व्ह जाळतो, कारण वॉल्व्ह सीटला टेकूनच आपली उष्णता बाहेर टाकत असतो. गाडी फार न चालवता सेटिंग पुन्हा करून घ्या. थंड इंजिनाचं माप आणि गरम इंजिनाचं माप वेगळं असतं. कोणतं घेतलं ते विचारा.

१०. फक्त बॅटरी बदलली, तर एमपीएफआय गाडीचा स्लो वरखाली व्हायला लागला.

बॅटरी सुटली की ईसीएमने (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरने) जमवलेली स्लोची सवय पुसली जाते. थ्रॉटलमध्ये काजळी असेल तर आधी ती सवय तिला सांभाळून घेत होती, आता उघडी पडली. एसी-दिवे बंद ठेवून इंजिन गरम होईपर्यंत स्लोला चालवा, मग एसी लावून काही मिनिटं, मग थोडी गाडी फिरवा. दोन-तीन दिवसांत बसलं नाही तर थ्रॉटल बॉडी आणि आयडल वॉल्व्ह साफ करून घ्या. बॅटरीच्या खुंट्या घट्ट आहेत ना, हेही बघा.

११. चेक इंजिनचा दिवा लागत नाही, स्कॅनरवर काही येत नाही. मग दोष नाहीच का?

दोष असू शकतो. आपल्याकडे ओबीडीची (गाडीने स्वतःचे दोष ओळखून कोड देण्याच्या यंत्रणेची) सक्ती २०१०पासून टप्प्याटप्प्याने आली. त्याआधीच्या गाड्यांचे ईसीएम मिसिंग ओळखतच नाहीत. त्यांना फक्त सेन्सरची वायर तुटली किंवा शॉर्ट झाली एवढंच कळतं. जळका वॉल्व्ह किंवा चिरलेला प्लग त्यांना दिसत नाही. स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर अशा अनेक गाड्यांशी बोलतही नाही, कंपनीनुसार चालणारा स्कॅनर लागतो.

नंतरच्या गाडीत पी०३०१, पी०३०२ असे कोड आले तर शेवटचा अंक सिलिंडरचा. पी०३०० म्हणजे कोणताही सिलिंडर ठरत नाही. पी०१७१ म्हणजे मिश्रण पातळ, आणि हे ऑक्सिजन सेन्सर बदलण्याचं पत्र नव्हे. सेन्सर खरं सांगत असतो, फट शोधा. दिवा लुकलुकत असेल तर गाडी थांबवा, त्या वेळी कन्व्हर्टर जळत असतो.

१२. सीएनजीवर मिसिंग, पेट्रोलवर ठीक. किंवा बरोबर उलट.

सीएनजीवरच त्रास असेल तर आधी इग्निशन बघा. गॅस पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून पेट्रोलवर चालून जाणारी थकलेली वायर किंवा जास्त गॅपचा प्लग गॅसवर उघडा पडतो. गॅप ०.७ मिलिमीटरच्या आसपास आणून बघा. त्यानंतर गॅसचा फिल्टर आणि रेड्युसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग). मिक्सरच्या जुन्या किटमध्ये एकदा बॅकफायर झाला असेल तर एअर फिल्टरचा डबा तडकलेला असतो, तो हाताने चाचपा.

पेट्रोलवरच त्रास असेल तर महिनोन्महिने न वापरलेले इंजेक्टर चिकटलेले असतात आणि टाकीतलं पेट्रोल शिळं झालेलं असतं. रोज सुरू करताना काही किलोमीटर पेट्रोलवर चालवत जा. सीएनजीवर वॉल्व्ह सीट लवकर झिजतात आणि टॅपेटचं अंतर हळूहळू घटतं, म्हणून टॅपेटची तपासणी पेट्रोल गाडीपेक्षा लवकर करा.

१३. ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलमुळे माझी जुनी गाडी मिसिंग मारते का?

ते एकटं कारण क्वचित असतं, पण कार्बोरेटरच्या गाडीत हातभार लावतं. शुद्ध पेट्रोलला वजनाने १४.७ भाग हवा लागते, ई२०ला साधारण १३.५. कार्बोरेटर हे ओळखत नाही, त्यामुळे मिश्रण थोडं पातळ होतं. आधीच हवेची फट असेल तर ती जाणवायला लागते. ऑक्सिजन सेन्सरच्या गाडीत ईसीएम हे बऱ्यापैकी सांभाळून घेतो. खरी काळजी रबरी पाइपची आहे. जुने पाइप इथेनॉलने फुगतात, तडकतात, आणि इथेनॉल टाकीतला जुना गाळ सुटा करून फिल्टरमध्ये आणतं. पाइप इथेनॉल चालणारेच घाला. गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर टाकीतलं पेट्रोल तसंच पडून राहू देऊ नका, इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं.

१४. डिसेंबरच्या सकाळी पहिली पाच मिनिटं मिसिंग. आणि पावसाळ्यात इगतपुरीहून येताना मिसिंग. दोन्ही एकच का?

दोन वेगळे दोष. निफाडकडे पारा पाच अंशांपर्यंत उतरतो तेव्हा पेट्रोलची नीट वाफ होत नाही आणि इंजिनला घट्ट मिश्रण हवं असतं. चोक नीट बंद होत नसेल, किंवा एमपीएफआयमध्ये कूलंटच्या तापमानाचा सेन्सर “इंजिन गरम आहे” असं खोटं सांगत असेल, तर गरम होईपर्यंत अडखळणार. कूलंटचं काम झाल्यावर या सेन्सरचं कनेक्टर काढून ठेवलेलं सापडतं. थंडीतला पांढरा धूर पाहून लगेच हेडकडे वळू नका. लिटरभर पेट्रोल जळताना जवळपास लिटरभर पाणी तयार होतं, ते वाफ होऊन दिसतं. इंजिन गरम झाल्यावरही तो धूर थांबला नाही तरच प्रश्न ८.

पावसातलं मिसिंग डिस्ट्रिब्युटर कॅपमधल्या ओलीमुळे. कॅप आतून पुसा आणि पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ दिसते का बघा. ती कोळशाची वाट असते, पुसून जात नाही, कॅपच बदलावी लागते. गोदावरीच्या पुराची खूण मानल्या जाणाऱ्या दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलेलं असताना गाडी गोदाकाठी उभी राहिली असेल तर टाकीत पाणी गेल्याचं धरून चाला. पाणी पेट्रोलच्या खाली बसतं, म्हणून टाकी तळातून रिकामी करा आणि फिल्टर बदला.

१५. इंजिन माउंटिंग नवी टाकली आणि थरथर वाढली!

मिसिंग नाही याची कागदाने खात्री करा (प्रश्न १). नवं रबर कडक असतं. शिवाय बोल्ट कसताना इंजिन तिरकं ओढलं गेलं असेल तर थरथर बॉडीत उतरते. सगळे बोल्ट सैल करून, इंजिन स्लोला काही क्षण चालवून आपोआप बसू द्यायचं आणि मग कसायचं. सायलेन्सरचा पाइप कुठे बॉडीला टेकतो का तेही पाहा.

१६. जुनी डिझेल इंडिका किंवा बोलेरो. फिल्टर बदलल्यावर किंवा नोझल काढून बसवल्यावर गाडी ठोके मारते.

फिल्टर बदलल्यावर असेल तर लाइनमध्ये हवा राहिली आहे. हँड प्रायमरने पंप मारून बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढा. नोझलच्या कामानंतर असेल तर तांब्याचा वॉशर तपासा. जुना वॉशर भोकातच चिकटून राहतो आणि नवा त्यावर बसतो, मग नोझल वर राहते आणि कॉम्प्रेशन गळतं.

यांत्रिक पंपाच्या जुन्या इंजिनात नोझलच्या पाइपचा नट किंचित सैल करून कोणता सिलिंडर बंद आहे ते कळतं. कॉमन रेल (सगळ्या नोझलना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या) इंजिनात हे कधीही करू नका. तिथला दाब हजार बारच्या वर असतो, डिझेलची धार कातडीतून आत घुसते आणि बोट गमवावं लागू शकतं.

१७. गावात ठीक, पण कसारा घाट चढताना अर्ध्यात झटके. थांबून पुन्हा निघालं की ठीक.

वर्णन नेमकं आहे, त्यामुळे शोधही नेमका करता येतो. पुढच्या वेळी घाटात सुरक्षित जागी थांबून पेट्रोल टाकीचं झाकण उघडा. सुस्स आवाज आला आणि गाडी लगेच सुधारली, तर झाकणाचं हवेचं भोक बंद आहे, टाकीत निर्वात होऊन पेट्रोल येईनासं होतं. टाकी धुऊन घेतल्यावर दुसरंच झाकण लावलेलं असतं. आवाज नसेल तर फिल्टर आणि पंपाचा दाब. एमपीएफआयमध्ये हा दाब साधारण अडीच ते तीन बार असतो, आणि तो लोडवर मोजायला हवा. गॅरेजमध्ये उभ्या गाडीवर बरोबर दिसणारा दाब घाटात पडू शकतो.

कार्बोरेटरच्या गाडीत एप्रिल-मेमध्ये पेट्रोलची पाइपमध्येच वाफ होते. पाइप एक्झॉस्टजवळून जातोय का, कामानंतर उष्णतेचं कवच परत बसवलं का, ते पाहा. आणि गाडी बरेच दिवस मिसिंग मारत चालवली असेल तर कन्व्हर्टर वितळून तुंबलेला असू शकतो. अशा वेळी अडीच हजार आरपीएमवर धरल्यास व्हॅक्युमचा काटा हळूहळू खाली येत जातो.

१८. गॅरेजवाला एकामागून एक पार्ट बदलायला सांगतोय. किती ऐकायचं?

प्रत्येक पार्टसाठी एकच प्रश्न विचारा: “दादा, हा खराब आहे हे कशावरून?” उत्तरात एखादं माप, एखादी अदलाबदल किंवा डोळ्यांना दिसणारी खूण असेल तर ऐका. “बदलून बघू” असं उत्तर आलं तर थांबा. जुना पार्ट नेहमी परत मागून घ्या, नवा चुकीचा निघाला तर तोच कामाला येतो.

परत जाताना चिडून जाऊ नका, माहिती घेऊन जा: थंड इंजिनाला की गरम, स्लोला की लोडवर, एसी लावल्यावर की सतत, कोणत्या कामानंतर. मेकॅनिकला शेजारी बसवून, त्रास होतो तिथपर्यंत गाडी स्वतः चालवा. चांगल्या मिस्त्रीला एवढं पुरतं, आणि नाशिकमध्ये कार्बोरेटर उघडून कानाने ऐकणारे जुने मिस्त्री अजून आहेत, त्यांना शोधा.

१९. गॅरेजमध्ये नेली की एकदम नीट, घरी आणली की तासाभराने मिसिंग. कोणी विश्वासच ठेवत नाही.

हा दोष गरम झाल्यावर येतो आणि थंड झाल्यावर जातो. कॉइल, डिस्ट्रिब्युटरमधला पिकअप (ठिणगीची वेळ सांगणारा सेन्सर), इग्निटर आणि क्रँक सेन्सर अशा रीतीने बिघडतात: आतली बारीक तार तापून ताणली की जोड सुटतो, निवली की जुळतो. म्हणून थंड गाडी तपासून काही सापडत नाही. गाडी सुटीच्या दिवशी मिसिंग सुरू होईपर्यंत चालवा, इंजिन बंद न करता कॉइलवर ओलं फडकं ठेवा, पण वायरीच्या तोंडांवर पाणी जाऊ देऊ नका. काही मिनिटांत सुधारली तर कॉइल. नाही सुधारली तर इंजिन बंद करून लगेच, गरम असतानाच, पिकअप आणि क्रँक सेन्सरचा रोध मोजा आणि सकाळच्या थंड वाचनाशी ताडून बघा. गरम असताना काही क्षण वाचनच येईनासं झालं, तर तो मीटरचा आकडा मोबाइलवर व्हिडिओ करून गॅरेजला दाखवा.

उंदरांचीही शक्यता ठेवा. गाडी शेताजवळ किंवा कांद्याच्या चाळीशेजारी उभी राहत असेल तर वायरिंगचं वरचं आवरण कुरतडलेलं असतं आणि आतली तार इंजिन हललं की कधी टेकते, कधी नाही. इंजिन चालू ठेवून वायरिंगचा एकेक जुडगा हलकेच हलवत जा. ज्या जागी हात लावल्यावर इंजिन अडखळेल, तिथली टेप सोडून बघा.